जुन्या घराची दुरुस्ती: नऊ लाख रुपये आधी कुठे घालायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोल्हापुरात मंगळवार पेठेत साधारण ९०० चौरस फुटांचं बैठं घर. पुढच्या दोन खोल्या जुन्या, मातीत बांधलेल्या विटांच्या, वर मंगलोरी कौलं. मागचा ४०० फुटांचा भाग १९९२ सालचा, स्लॅबचा. त्यात स्वयंपाकघर, एक खोली, न्हाणी आणि संडास. पावसात स्लॅब गळतो, न्हाणीमागच्या भिंतीला बारा महिने ओल, फरशी एका बाजूला खचलेली, वायरिंग जुनं. हातात नऊ लाख आहेत. घरच्यांना नवी फरशी आणि मॉड्युलर किचन हवंय. सुरुवात कुठून करावी, आणि एवढ्यात सगळं होईल का?

सगळं होणार नाही. घर कोरडं, सुरक्षित आणि नीटनेटकं मात्र नऊ लाखांत नक्की होईल. मॉड्युलर किचनसाठी यंदा हट्ट धरू नका. वरून गळणाऱ्या स्लॅबखाली आणि ओल्या भिंतीला टेकून प्लायची कपाटं बसवली तर दोन पावसाळ्यांत ती फुगतात, आणि गळती काढायला तीच उखडावी लागतात. बजेट मांडताना क्रम असा ठेवा: आधी पाणी, मग भिंती आणि छप्पर, मग पाइप आणि वायर, शेवटी फरशी आणि रंग. बहुतेक जण उलटं करतात, टाइल्सच्या शोरूमपासून सुरुवात करतात, आणि भिंतीच्या आत काय चाललंय हे कळायच्या आधीच निम्मे पैसे संपवतात.

कुणालाही दर विचारण्याआधी ओल कुठून येते ते शोधा. याला खर्च नाही, फक्त दोन रात्री लागतात. तुमची ओल बारमाही आहे, म्हणजे तिचं मूळ पावसात नसून बहुधा पाइपात आहे. पहिल्या रात्री टाकीत येणारं पाणी बंद करा, घरातले सगळे नळ आणि फ्लशचे अँगल कॉक बंद करा, पण टाकीतून घरात उतरणारा व्हॉल्व्ह चालू ठेवा. टाकीच्या आत पाण्याच्या पातळीवर खूण करा. सकाळी पातळी उतरली असेल तर भिंतीतली पाण्याची लाइन गळतेय. उतरली नसेल तर दुसऱ्या रात्री न्हाणीच्या जाळीत कापडाचा बोळा घट्ट बसवून जमिनीवर दोन इंच पाणी साठवा. सकाळी पाणी कमी झालं किंवा मागची ओल वाढली तर दोष जमिनीच्या वॉटरप्रूफिंगमध्ये किंवा ट्रॅपच्या (जाळीखालच्या, पाणी धरून वास अडवणाऱ्या भागाच्या) सांध्यात आहे. दोन्ही चाचण्या ठीक निघाल्या आणि ओलीचा पट्टा जमिनीपासून तीनेक फुटांपर्यंत सलग असेल, त्यावर पांढरा क्षार फुटत असेल, तर पाणी घराच्या पायामधून वर चढतंय. या तीन दोषांवरचे इलाज वेगवेगळे आणि खर्चही फार वेगळे. निदान न करता 'डॅम्पप्रूफ'चा हात मारणं म्हणजे पैसे भिंतीला चोपडणं.

त्याच आठवड्यात एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला घर दाखवा. त्याची फी एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ असते आणि ठेकेदार सांगेल ते खरं मानण्याची वेळ येत नाही. तो स्लॅब खालून हातोडीने वाजवेल. खणखणीत आवाज आला तर काँक्रीट चांगलं, भद्द आवाज आला तर आत सळई गंजून थर सुटलाय. जिथे तांबूस डाग किंवा सळईच्या रेषेत चीर दिसते, तिथे खडूने चौकोन आखून त्याचं क्षेत्रफळ मोजून घ्या; हाच आकडा पुढे कोटेशनमध्ये लागतो. 'स्लॅब दुरुस्ती, एकरकमी' असं लिहून कुणी दिलं तर ते घेऊ नका.

स्लॅबच्या कामाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक पैसे इथेच वाया जातात. गळणाऱ्या स्लॅबवर जुना कोबा (विटांचे तुकडे घालून केलेला सिमेंटचा थर) तसाच ठेवून वर नवा विटकरीचा कोबा घालायचा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. चार इंच कोब्याचं वजन दर चौरस फुटाला १८ किलोच्या आसपास भरतं. ४०० फुटांवर ते सात टन होतं, आणि हे वजन तीस वर्षं गंजलेल्या सळईवर पडणार. शिवाय जुन्या कोब्यात मुरलेलं पाणी दोन थरांच्या मध्ये अडकून खालीच उतरत राहतं. सुटलेला, पोकळ वाजणारा जुना कोबा काढलाच पाहिजे.

मग क्रम असा. खालून: सुटलेलं काँक्रीट छिन्नीने पाडून सळईच्या मागेपर्यंत मोकळं करायचं, सळई तारेच्या ब्रशने पांढरी होईपर्यंत घासायची, गंजरोधक लावायचं, बाँडिंग कोट (जुनं-नवं चिकटवणारा लेप) ओला असतानाच पॉलिमर मॉर्टर (चिकट रसायन मिसळलेला सिमेंट-वाळूचा माल) भरायचं. सळईची जाडी चौथाईहून जास्त झिजली असेल तर इंजिनिअरला विचारून शेजारी नवी सळई जोडावी लागते. वरून: चिरा खोबणीसारख्या उघडून भरायच्या, पाणी उतरायच्या दिशेने निदान १०० ला १ उतार द्यायचा (२० फुटांना जवळपास अडीच इंच), पॅराफीट (गच्चीचा कठडा) आणि स्लॅबच्या कोपऱ्यात सिमेंटचा गोलाकार वाटा मारायचा, आणि वॉटरप्रूफिंगचा थर पॅराफीटवर फूटभर चढवायचा. गळती बहुतेक वेळा स्लॅबच्या मधल्या सपाट भागातून होत नाही. ती या कोपऱ्यातून आणि पावसाळी पाइपाच्या तोंडापासून होते. पाइपाचं तोंड चार इंची ठेवा, तीन इंचीत पाला अडकला की गच्चीचा तलाव होतो. शेवटी कडेने मॉर्टरचे छोटे बांध घालून तीन दिवस पाणी साठवा आणि खालून रोज बघा. ही चाचणी उतरल्याशिवाय या कामाचा हप्ता देऊ नका.

पाण्याची टाकी गच्चीच्या मधोमध असेल तर तीही हलवा. हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन वजन. ते भिंतीच्या डोक्यावर, उंच कट्ट्यावर यायला हवं.

आता पुढच्या जुन्या खोल्या. या भिंती वाईट नसतात, त्यांना चुकीची वागणूक मिळते. मातीच्या जोडकामाची भिंत थोडी ओल शोषते आणि बाहेर सोडते. तिच्यावर घट्ट सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट चढवला की ओल आत कोंडते, माती भुसभुशीत होते आणि वर्ष-दोन वर्षांत गिलाव्याचे पोपडे सुटतात. लोक ते पोपडे काढून पुन्हा सिमेंटच लावतात. तिथे खालचा तीन-चार फुटांचा सिमेंट गिलावा काढा, भिंत उन्हाळ्यात महिनाभर उघडी सुकू द्या, मग एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू असा मऊ गिलावा करा. त्यावर पुट्टीऐवजी चुना किंवा श्वास घेणारा पातळ डिस्टेंपर चालतो. घराच्या बाहेरून भिंतीलगत कोबा असेल तर त्याचा उतार भिंतीपासून दूर आहे ना, हेही बघा.

या भिंतींत वायरसाठी आडवे चर खोदू देऊ नका. उभा चर भिंतीच्या जाडीच्या एकतृतीयांशापेक्षा खोल नको, आडवा घ्यावाच लागला तर एकषष्ठांशाच्या आतच. मातीच्या जोडकामात मी तर चर टाळूनच वायर केसिंगमधून वरून न्यायला सांगेन. दोन खोल्यांमधली भिंत काढून हॉल मोठा करायची कल्पना निघाली असेल तर ती मनातून काढून टाका, किंवा तुळईचं डिझाइन आणि खर्च इंजिनिअरकडून लेखी घ्या. पेठेत एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक असते. तिला हात लावायच्या आधी त्यांची लेखी संमती हवी.

कौलांची शाकारणी करताना १०० चौरस फुटांना सुमारे १४० मंगलोरी कौलं लागतात. बरीच जुनी परत वापरता येतात, साधारण पाचवा हिस्सा नवीन धरा. आढं, वासे आणि रिपा हातोडीने नाही, टोच्याने तपासा. टोच्या सहज आत गेला तर लाकूड आतून वाळवीने खाल्लंय.

न्हाणी आणि संडासात जुने सॅनिटरी पाइप असतील. १९९२ च्या सुमारास घातलेल्या त्या भाजलेल्या मातीच्या पाइपांचे सांधे सुटतात, पाणी मुरतं, खालची भरती वाहून जाते आणि फरशी खचते. तुमची खचलेली बाजू ड्रेनेज लाइनवरच आहे का, ते चेंबर उघडून बघा. असेल तर फरशी बदलून उपयोग नाही, आधी लाइन बदला: चार इंची पीव्हीसी, ४० ला १ उतार, म्हणजे २० फुटांना सहा इंच, आणि प्रत्येक वळणावर चेंबर. मग खड्डा मुरुमाने सहा-सहा इंचांच्या थरात पाणी मारून, ठोकून भरा. एकदम दोन फूट भरून वर काँक्रीट ओतलं तर पुढच्या वर्षी पुन्हा खचेल. फरशी उखडलेली आहे तोवरच वाळवीचं औषधही करून घ्या, नंतर ते टाइलला भोकं पाडून करावं लागतं.

न्हाणीच्या आत सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणाऱ्या प्लास्टिक पाइपांची) लाइन झाली की टाइल लावण्याआधी हातपंपाने दाब देऊन ती तपासा आणि रात्रभर दाब तसाच ठेवा. काटा उतरला तर सांधा आत्ताच सापडतो. वॉटरप्रूफिंग जमिनीवर, सगळ्या भिंतींवर फूटभर, आणि शॉवरच्या भिंतींवर सहा फूट. जाळीकडे उतार ८० ला १. आठ फुटांच्या न्हाणीत तो सव्वा इंच होतो. गवंडी हा उतार अंदाजाने देतात. तुम्ही टाइलचा पहिला थर सुकाच मांडून घ्या, एक बादली ओता आणि पाणी कोपऱ्यात थबकतंय का बघा. ट्रॅप दोन इंच वॉटर सीलचाच घ्या, नाहीतर वास येतो.

वायरिंग पूर्ण बदला, तुकडे जोडू नका. दिव्यांना १.५, साध्या सॉकेटना २.५, गिझर, एसी आणि स्वयंपाकघरातल्या मोठ्या सॉकेटना ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, प्रत्येकाला वेगळा एमसीबी (भार वाढला की पडणारा स्विच), सगळ्यांवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (शॉक बसू लागताच वीज तोडणारा स्विच), आणि नवीन अर्थिंगचा खड्डा. जुन्या घरात अर्थिंगची तार असते, पण ती कुठेच पोचलेली नसते. महावितरणच्या बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो; गिझर आणि एसी दोन्ही घ्यायचे असतील तर भार वाढवायचा अर्ज आधीच द्या.

हे वाचणाऱ्या कुणाचं घर पूर येणाऱ्या भागात असेल तर काही गोष्टी बदलतात. शाहूपुरी, दुधाळी, सुतारवाडा, कसबा बावडा इथल्या सखल गल्ल्यांत २००५, २०१९ आणि २०२१ चं पाणी कुठवर आलं होतं, हे शेजारी बोटाने दाखवतात. स्विचबोर्ड आणि मीटर त्या खुणेच्या वर घ्या, खालच्या मजल्यावर एमडीएफ आणि प्लाय टाळून कडाप्पा किंवा ग्रॅनाइटच्या फळ्या वापरा, आणि ड्रेनेजला बाहेरचं पाणी उलटं येऊ नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा.

फरशीचा हिशोब सोपा आहे, पण दुकानात गोंधळ होतो. दोन बाय दोनच्या टाइलचा बॉक्स १६ चौरस फुटांचा म्हणतात. ६०० मिलिमीटरच्या चार टाइल्स प्रत्यक्षात १५.५ फूट भरतात. १२ बाय १५ च्या खोलीला १८० फूट, चार इंची स्कर्टिंगला (भिंतीच्या तळाची टाइलची पट्टी, दार वगळून) १७, वर सात टक्के तूट: २११ फूट, म्हणजे १४ बॉक्स. एक बॉक्स जास्त घ्या आणि सगळ्या बॉक्सवरचा बॅच नंबर एकच आहे ना बघा. पाच बाय आठच्या न्हाणीत सात फूट उंचीपर्यंत भिंतीला १६५ आणि जमिनीला ४० फूट लागतात. ५०० फुटांवर फरशीखाली तीन इंच १:३:६ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट घालायचं तर सिमेंटच्या १६ गोणी. आतल्या गिलाव्याला १०० फुटांना पाऊण गोणी सिमेंट आणि पाच घनफूट वाळू. गिलाव्यासाठी बारीक, धुतलेली प्लास्टर क्रश सँडच घ्या. खाणीची धूळ मिसळलेली असेल तर केसासारख्या चिरा पडतात. आणि पाणी मारायला कुणी तरी जबाबदार माणूस ठेवा. हल्लीच्या पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला दहा दिवस ओल हवी. बिगारी सकाळी एकदा पाइप फिरवून जातो, ते पुरत नाही.

आता पैसे. नऊ लाखांतले एक लाख पस्तीस हजार, म्हणजे १५ टक्के, बाजूला काढून वेगळ्या खात्यात ठेवा. जुन्या घरात भिंत उघडली की काहीतरी निघतंच. उरलेल्या ७ लाख ६५ हजारांची विभागणी मी अशी करेन: स्लॅब, शाकारणी आणि ओलीचा बंदोबस्त २ लाख, ड्रेनेज, प्लंबिंग, न्हाणी-संडास १ लाख ८० हजार, वायरिंग १ लाख, गिलावा आणि फरशी १ लाख ४० हजार, स्वयंपाकाचा ओटा, सिंक आणि कडाप्प्याचे कप्पे ६५ हजार, रंग ६० हजार, इंजिनिअर, परांची आणि राडारोडा वाहतूक २० हजार. हे प्रमाण आहे, दर नव्हेत. दर तीन ठेकेदारांकडून एकाच मोजमापाच्या यादीवर घ्या, तरच तुलना होते. पेठेतल्या अरुंद गल्लीत ट्रॅक्टर येत नसेल तर छोटा हत्ती किती खेपा करेल आणि घमेल्याने माल वाहायची मजुरी कुणाची, हे यादीतच लिहा. उपसलेला राडा मूळ आकाराच्या दीडपट होतो.

काम हजेरीवर, म्हणजे रोजंदारीवर, देऊ नका. उक्तं (ठरलेल्या दराने) द्या, पण बाबवार: चौरस फूट, रनिंग फूट किंवा नग. गिलाव्यात खिडक्या-दारांची वजावट कशी, स्कर्टिंग फुटावर की क्षेत्रफळात, जीएसटी धरून की सोडून, माल कुणाचा आणि कुठल्या कंपनीचा, हे चार मुद्दे लेखी नसतील तर शेवटच्या मेजरमेंटला भांडण ठरलेलं. कुणाचं जुनं अंदाजपत्रक वापरत असाल तर लक्षात ठेवा, सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झालाय. आगाऊ १० टक्क्यांहून जास्त नको, पुढचे हप्ते झालेल्या कामावर, आणि गच्चीच्या रकमेतले १० टक्के पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर. पक्की बिलं जपून ठेवा. घर पुढे कधी विकलं तर भांडवली नफ्याच्या हिशोबात सुधारणेचा खर्च दाखवता येतो. दुरुस्तीसाठी कर्ज काढणार असाल तर बँक सहसा इंजिनिअरचं अंदाजपत्रक मागते आणि प्रॉपर्टी कार्डावरच्या सगळ्या वारसांच्या सह्याही. भाऊ-बहिणींची नावं त्यावर असतील तर कर्ज नसलं तरी खर्चाआधी त्यांच्याशी बोलून घ्या. रंग, फरशी, गिलावा असल्या कामांना परवानगीची कटकट नसते. भिंत पाडणं, कौलं काढून स्लॅब टाकणं किंवा बांधकाम वाढवणं असेल तर आधी महापालिकेच्या नगररचना विभागात जा. वाढीव बांधकामाने घरफाळाही वाढतो, तोही धरा.

वेळेचं म्हणाल तर दिवाळी झाली की लगेच तोडफोड सुरू करा. ड्रेनेज, प्लंबिंग आणि वायरिंग डिसेंबर-जानेवारीत, स्लॅब फेब्रुवारी-मार्चमध्ये, शाकारणी एप्रिलच्या आत, कारण कोल्हापुरात वळीव एप्रिल-मेमध्ये कधीही गाठतो आणि उघड्या छपराखाली सगळा गिलावा भिजतो. चैत्रात जोतिबाची यात्रा आणि गावोगावच्या जत्रा असतात; तेव्हा गवंडी आठवडा आठवडा येत नाहीत, म्हणून त्या दिवसांत ओतकाम ठेवू नका. रंग शेवटी, गिलावा निदान महिनाभर सुकल्यावर.

काम चालू असताना घरात राहता येईल, पण दोन टप्पे पाडा: आधी मागचा भाग, तोवर पुढच्या खोल्यांत मुक्काम आणि चूल. संडास उघडल्यावर ड्रेनेज आणि टाइल मिळून पंधरा-वीस दिवस तो वापरता येत नाही, त्यामुळे तेवढ्यापुरती शेजाऱ्यांकडे किंवा नातेवाइकांकडे सोय आधी पक्की करा. आणि टाइल लागण्याआधी प्रत्येक भिंतीचा, पाइप आणि वायर दिसतील असा, टेप लावून फोटो काढून ठेवा. पुढे गिझरसाठी भोक पाडताना इलेक्ट्रिशियनला तोच दाखवा.